लाटेची दुसरी फेरी

माझ्या यंत्राला कोणी खोटारडं म्हटलेलं मला खपत नाही. मला म्हणा, मी बघून घेईन. पण शाळेच्या गच्चीवर ऊनपावसात जे मुकाट उभं असतं, त्याला नाही.

आणि त्या संध्याकाळी दर्यादूताने नेमकं तेच केलं.

"मुणगवेळ शाळा केंद्र. नोंद अविश्वसनीय. केंद्र वगळण्यात आले आहे. सहकार्याबद्दल आभार." माझ्या मनगटावरच्या पट्टीतली बाई हे इतक्या गोड आवाजात म्हणाली, की पट्टी काढून माडाच्या मुळात पुरावी असं वाटलं. सहकार्य! कोणी केलं सहकार्य?

दर्यादूत काय आहे हे किनाऱ्यावर कोणालाच सांगावं लागत नाही, घाटावरच्यांसाठी सांगते. राज्यभर शाळांच्या, पंचायतींच्या, दवाखान्यांच्या गच्च्यांवर हजारो छोटी यंत्रं बसवली आहेत. हवेचा दाब, ओल, वारा, सगळं ती सतत मोजत असतात. दर्यादूत ते गिळतो, चघळतो आणि प्रत्येक गावाच्या समुद्रासाठी एक रंग ठरवतो. मनगटावरची पट्टी हिरवी, तर जा. लाल, तर घरी बसा. तो आल्यापासून आमच्या किनाऱ्यावर वादळात एकही माणूस गेलेला नाही. हे मला मान्य आहे. म्हणून तर मला राग जास्त आला.

आमच्या शाळेचं यंत्र माझ्या ताब्यात. मी ऊर्जिता तारी, दहावीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणताना मला घाम फुटायचा. मग केंद्र सांभाळणाऱ्या मुलींच्या राज्य मेळाव्यात माईक माझ्या हातात आला, आणि तो परत घ्यायला दोन शिक्षिका आणि एक शिपाई लागले. तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्या कोणाचं वाक्य पूर्ण होत नाही, असं आत्या म्हणते.

मी गच्चीवर धावले. यंत्रावर कावळा नव्हता, जाळीत कोळी नव्हता, वायर शाबूत होती. मग नोंद बघितली. दाबाची रेष दिवसभर आळसटलेल्या मांजरासारखी पडून होती आणि मधेच एकदम टुणकन उडाली होती. वर, खाली, पुन्हा जागेवर. एरवी एवढा फरक पडायला अर्धा दिवस जातो. इथे चहाला उकळी फुटायच्या आत सगळं झालं होतं.

मी समीक्षाला फोन लावला. समीक्षा मेश्राम, भंडाऱ्याकडची, पवनीची. मेळाव्यात माझ्यानंतर बोलायला उभी राहिली आणि माझ्यापेक्षा जास्त बोलली, तेव्हापासून माझी जिवाभावाची मैत्रीण.

"माह्यं यंत्र हाकललं गं," मी तिच्याच बोलीत रडगाणं सुरू केलं.

"नक्कल नको करू वं, जमत नाही तुले," ती म्हणाली. "अन् माह्यंबी हाकललंच ना! तुह्याआधी."

"आधी म्हणजे कधी?"

तिने सांगितलं. मग आम्ही बाकीच्या मुलींना विचारत सुटलो. नांदेडच्या मुलीचं यंत्र समीक्षाच्या नंतर उडालं होतं, सोलापूरचं त्याच्या नंतर, कोल्हापूरचं माझ्या जरा आधी. नकाशावर खुणा केल्या तर त्या एका रेषेत आल्या. काहीतरी पूर्वेकडून आलं होतं, अख्ख्या महाराष्ट्रावरून सरळ चालत गेलं होतं आणि माझ्या गच्चीवरून समुद्रात उतरलं होतं. विमानापेक्षा वेगाने.

"ज्वालामुखी," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

बातमी सकाळपासून सगळ्यांनी ऐकली होती. दक्षिण प्रशांत महासागरात, जिथे माणसाची वस्ती नाही अशा ठिकाणी, समुद्राच्या पोटातला एक ज्वालामुखी फुटला होता. त्याने उसळवलेल्या पाण्याच्या लाटा आपल्यापर्यंत येणार नाहीत, मधे बेटं आणि खंडं आहेत, असं जाणकार सांगत होते. ते खरंच होतं. पाण्याची लाट जमिनीला अडते. हवेची कशाला अडेल?

परातीत पाणी घ्या आणि एका जागी टिचकी मारा. वलय पसरत जातं ना, तसंच. फक्त इथे परात म्हणजे पृथ्वीवरचं हवेचं पांघरूण, आणि टिचकीऐवजी सणसणीत मुस्काटात. जमिनीपासून पार वरपर्यंतची हवा एकदम हलवत ते वलय निघतं, जवळजवळ आवाजाच्या वेगाने. आपल्याला काही कळत नाही, झाडाचं पान हलत नाही. फक्त दाब मोजणारी यंत्रं दचकतात. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे वलय सगळ्या बाजूंनी पसरत पलीकडच्या टोकाला पोचतं, तिथे एकवटतं आणि पुन्हा पसरायला लागतं. म्हणजे आपल्या गावावरून ते दोनदा जाणार. एकदा जवळच्या वाटेने, एकदा जगाला उलटा वळसा घालून.

दर्यादूत हुशार आहे, पण तो शिकला वादळांवर. वादळात दाब हळूहळू उतरतो. अशी उडी त्याने कधी बघितलीच नव्हती. त्याच्या शिकवणीप्रमाणे उडी म्हणजे यंत्र बिघडलं. मग ती नोंद फेकायची आणि तिथे अंदाजाने आकडा भरायचा. पवनी उडाली, पवनीला वगळलं. नांदेड उडालं, नांदेडला वगळलं. प्रत्येक साक्षीदार खरं बोलला आणि प्रत्येकाला एकटं गाठून खोटं ठरवलं. सगळ्यांना एका ओळीत उभं करून कोणी बघितलंच नाही.

"ऊर्जिता," समीक्षा एकदम गंभीर झाली, "पहिली फेरी जमिनीवरून आली. दुसरी कुठून येईन?"

मी नकाशाकडे बघितलं. अमेरिका, अटलांटिक, आफ्रिका. आणि मग अरबी समुद्र.

दाबाची उडी समुद्रावरून धावते तेव्हा पाण्याला ढकलत धावते. खोल पाण्यात ते वीतभरही उचललं जात नाही. पण किनाऱ्याजवळ समुद्र उथळ होतो, पुढचं पाणी रेंगाळतं, मागचं त्याच्यावर चढतं. आणि आमच्या गावाला तर खाडी आहे. खाडीतलं पाणी मुळातच झोपाळ्यासारखं आतबाहेर डुलत असतं. नेमक्या वेळी धक्का बसला, तर झोपाळा आढ्याला लागतो.

दुसरी फेरी आमच्याकडे येणार होती उद्या सकाळी. आणि उद्या सकाळी रापण होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येते, दोन टोकांचे दोन दोर पुळणीवर येतात आणि अर्धा गाव कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ओढतो. आमच्या रापणीची तांडेल, म्हणजे म्होरकी, माझी वैजूआत्या. मुणगवेळातली पहिली बाई तांडेल. मी पोचले तेव्हा ती माणसं घेऊन जाळं तपासत बसली होती.

"आते, उद्या रापण लावू नको."

"कित्याक गो? तुजा लगीन आसा?"

सगळे हसले. बाबलकाका तर जाळ्यावर आडवाच झाला.

"तो ज्वालामुखी फुटलो ना—"

"ता सकाळीच आयकलंय. खंय फुटलो ता सांग."

"प्रशांत महासागरात."

"आणि मी हय जाळा सुकत घालू?"

मी परात सांगितली, वलय सांगितलं, झोपाळा सांगितला. मधे हातवारे करताना बाबलकाकाची टोपी उडवली. आत्याने सगळं ऐकून घेतलं, हे तिचं चांगलं आहे. मग विचारलं, "पाणी किती येतला?"

"ठाऊक नाय."

"येतला ह्या नक्की?"

"हवा नक्की येतली. पाणी... येवक होया."

"होया!" बाबलकाकाने माझं 'हवं' उचललं. "माका पण सुरमय गावूक होया!"

आत्याने मनगट वर केलं. पट्टी हिरवीगार होती. "ऊर्जू, दोन वर्सांमागे आभाळ निरभ्र होता आणि ही लाल झाली. सगळे हसले. तुजो बापूस पयलो परत फिरलो, मगे सगळे. तेका कोणी हाडलान परत? तुज्या डब्यान, काय दर्यादूतान?"

आत्याला नवं कळत नाही असं मुळीच नाही. दर्यादूत गावात आणायला तीच सगळ्यांशी भांडली होती. नव्याच्या बाजूने ती माझ्याआधी उभी राहिलेली आहे, आणि म्हणूनच तिला हलवणं कठीण होतं.

"दर्यादूत आमी सांगितलेला खरा धरनाच नाय," मी म्हणाले.

"मगे तेका पटव. माका नको."

रात्रभर मी आणि समीक्षा दर्यादूताला तक्रारी पाठवत राहिलो. प्रत्येक वेळी तीच गोड बाई. आभार, आभार, आभार.

सकाळी मी गच्चीवर गेले. खाली पुळणीवर रापण लागली होती. पप्पा बोटीवर लांब होते. खोल पाण्यात त्यांना ही लाट कळणारही नव्हती. पण इथे चाळीसेक माणसं दोन दोरांवर वाकली होती आणि चाळीस मनगटं हिरवी चमकत होती. समीक्षा फोनवर होती.

"माह्यं शांत आहे अजून. तुहं?"

"माझंही. असं कर, तू—"

आणि रेष उडाली. कालच्यापेक्षा थोडी बुटकी, दमलेली, पण तीच! जगाला वळसा घालून आलेली! एक क्षण मी आनंदाने नाचलेच, खोटं कशाला सांगू. आम्ही दोघींनी म्हटलं होतं आणि ती आली होती. पट्टी गप्प होती. वगळलेल्याला दुसऱ्यांदा कोण वगळणार?

"माह्यं अजून शांतच," समीक्षा ओरडली. "म्हणजे समुद्राकडूनच आली वं! पळ तू!"

हवा आधी येते, पाणी मागून. तासाभराचा वेळ असेल, असा आमचा अंदाज होता. मी तशीच पुळणीवर गेले आणि एकेकाला सांगत सुटले. पण रापणीचा एक कायदा आहे. जाळं काठाला लागेपर्यंत ज्याचा हात दोरावर, त्याचा माशात वाटा. मग तो पाहुणा असो की पोस्टमन. आणि ज्याने मधेच हात सोडला त्याला शेपटीसुद्धा नाही, वर वर्षभर टोमणे. आमच्याकडे पोट बिघडलेला माणूसही दोर सोडत नाही. (हे घडलेलं आहे. बाबलकाका, मी नाव सांगितलेलं नाही.)

"आते, दुसरी फेरी इली! यंत्रान दाखवल्यान!"

"जाळा हाडूया, मगे बगूया."

"मगे उशीर होतलो!"

"ऊर्जू, दोराक हात लाव, नाय तर घराक जा. मधे उभी रवा नको."

वेळ असाच गेला. आणि मग पाणी मागे जायला लागलं.

भरतीची वेळ होती. पाणी चढायला हवं होतं. ते गुपचूप उतरत होतं. खाडीच्या तोंडावरचे खडक, जे अमावास्येच्या ओहोटीलाच दिसतात, ते काळे ओले वर आले. मला वाटलं, आता तरी! पण झालं उलटंच. पाणी उतरल्यामुळे जाळं हलकं झालं आणि सगळ्यांना हुरूप चढला. "घेवा रे! देवान दिल्यान! पुढे व्हा!" ओढणारे दोर धरून उतरत्या पाण्याच्या मागे, समुद्रात, आत आत चालले.

जगात दुसरीकडे कुठेही लोक मागे फिरले असते. आमचे पुढे गेले. कारण हातात दोर होता.

मला कळून चुकलं की माझं विज्ञान कितीही खरं असलं तरी ते या दोरापुढे चालणार नाही. यांना किनाऱ्याकडे पळवू शकेल अशी एकच गोष्ट होती. भीती नव्हे. राग.

होडीत कोयती होती. मी ती उचलली, उत्तरेकडच्या दोराशी गेले आणि घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दोर तटकन तुटला आणि ओढणारे सगळे पाण्यात बसले.

रापणीचा दोर कापणं म्हणजे काय, हे कसं सांगू? देवळातला दिवा फुंकला असता तर गावाने कदाचित लहान आहे म्हणून सोडलं असतं. बाबलकाकाने तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते इथे लिहिता येणार नाही.

"धरा तेका! हाड मोडा तेचा!"

"येवा ना!" मी सुरूच्या बनाकडे पळता पळता ओरडले. "दम नाय कोणात! म्हणे रापण ओढतत! माका धरून दाखवा!" मी कोयती नाचवली. वाकुल्या दाखवल्या. बाबलकाकाला, मामाला, आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना, ज्या रविवारी दोरावर असतात. एक दोर गेला की रापण संपली, त्यामुळे दुसऱ्या दोरावरचेही निघाले. अख्खा गाव शिव्या देत, लुगडी आणि लुंग्या सावरत, ओल्या पुळणीवरून माझ्यामागे चढणीला धावत होता. इतकी सुंदर मिरवणूक मी आजवर बघितलेली नाही.

बनात बाबलकाकाने माझा दंड धरला आणि मारायला हात उगारला. तो हात तसाच वर राहिला. तो माझ्या मागे बघत होता.

लाट वगैरे काही नव्हती. फेस नव्हता, गर्जना नव्हती. समुद्र नुसता उभा राहिला आणि चालत आला. पुळण गिळली, होडी उचलून बांधावर आपटली, मासळी वाळवायच्या मांडवाखालून तो बनाच्या पहिल्या झाडांपर्यंत आला. माझ्या पायांपासून काही हातांवर.

सगळे वर होते. एक माणूस सोडून.

तांडेल दोर सोडत नाही. आत्या मला पकडायला आलीच नव्हती. उरलेल्या दोराचा वेढा तिने हाताला घेतला होता, निदान जाळं वाचावं म्हणून. पाण्याने तिला उचलून आणलं आणि मांडवाच्या खांबात अडकवलं. आता पाणी परत निघालं होतं. त्याच्याबरोबर जाळं, जाळ्याबरोबर दोर, आणि दोराबरोबर तिचा हात.

मी आणि बाबलकाका एकदमच उतरलो. त्याने तिला कमरेत धरलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"जाळा जाता गो," ती म्हणाली.

"जावंदे!" आणि मी दुसरा दोरही कापला.

आत्याचा हात दोन ठिकाणी मोडला. जाळं गेलं. माणूस एकही गेला नाही.

आणि आता खरी गोष्ट.

आठवड्याने दर्यादूताचे साहेब आले. कामेरकर त्यांचं नाव, स्वभावाने चांगले, माझ्या सगळ्या नकाशांवरून त्यांनी मान डोलावली. बनात गावाची बैठक बसली. आत्या मधोमध, हात प्लास्टरमध्ये.

"बाळा, तुझं केंद्र आम्ही पुन्हा घेतोय," साहेब म्हणाले. "नवीन, उत्तम यंत्र देऊ. फक्त त्या दिवसाची नोंद 'यंत्रातील बिघाड' अशी राहील. तू तसं एकदा सगळ्यांसमोर सांग."

"पण बिघाड नव्हता."

"ते मला माहीत आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "पण नोंद खरी धरली, तर माणसं पाण्यात असताना दर्यादूत हिरवा होता असं होतं. मग लोकांचा विश्वास उडेल. उद्या लाल झाला तरी कोणी ऐकणार नाही. त्यातही माणसं मरतील. विचार कर."

मी विचार केला. खरंच केला, कारण ते अगदीच खोटं बोलत नव्हते. पप्पांचा विचार केला. मग म्हणाले, "काका, तुमचं यंत्र चुकलं म्हणून नाही, चूक लपवली म्हणून विश्वास उडेल. ती उडी त्याला शिकवा. पुढच्या वेळी ओळखेल. बिघाड म्हणून फेकलीत, तर पुढच्या वेळीही फेकेल, आणि पुढच्या गावात कोणी दोर कापणारी नसेल. मी सांगणार नाही. समीक्षाही सांगणार नाही. आमच्या सगळ्याजणींचं ठरलंय."

"ऊर्जू," आत्या म्हणाली. "थांब. आधी आमचा."

ती उठली.

"रापणीचो दोर कापलंस. कायदो तुका ठाऊक आसा. दर्याक नारळ देवन माफी मागूची, नाय तर वरसभर दोराक हात नाय. मागतंस माफी?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातल्या काहींनी दोन दिवसांपूर्वी मला पेढे दिले होते.

"नाय," मी म्हणाले. "चूक केली नाय तर माफी कसली?"

"मगे वरसभर हात नाय."

"नको."

"पुन्हा तसाच झाला तर?"

"तर पुन्हा कापीन."

बाबलकाकाने डोळे मिटून घेतले. आत्या साहेबांकडे वळली.

"हिची शिक्षा आमी दिली. ती आमची गोष्ट. पण हिच्या तोंडातसून खोटा वदवूक तुमी येव नकात. तुमका त्या दिवसाचा काय लिवूचा आसा ना? ही आता काय बोलली, ता लिवा."

साहेबांनी गावाकडे बघितलं. सगळा गाव त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी मांडीवरची वही उघडली.

आणि त्यांना नीट लिहिता यावं म्हणून मी पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं.

"कापीन."